शेजारीं बसलेला गुरु : ब्लॅकबर्न बी-२ विमानाची हकीकत

विमान चालविण्याची विद्या शिकवितांना गुरूनें शिष्याच्या पुढें बसावें, मागें बसावें, कीं त्याच्या शेजारीं बसावें, हा प्रश्न ऐकणारास प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पोहावयास शिकविणारा पाण्यांत उतरून शिष्याच्या पोटाखालीं हात धरितो. तबला शिकविणारा समोर बसतो. पाटीवर अक्षर गिरवून घेणारी आई मागून मुलाचा हात धरिते. प्रत्येक विद्येची बैठक निराळी. परंतु विमानविद्येंत ही बैठक एकदां ठरली कीं यंत्राची रुंदी, त्याचें वजन, त्याचा वेग हीं सर्व तिच्यामागून ठरतात. आणि चुकलेल्या धड्याची शिक्षा तेथें छडीनें होत नसते. पहिलें महायुद्ध संपल्यापासून दुसरें सुरू होईपर्यंतच्या वीस वर्षांत इंग्लंडांतील विमानकारांपुढें हा प्रश्न वारंवार आला. त्या प्रश्नास "शेजारीं" असें उत्तर देणाऱ्या, आणि सारीं मिळून अवघीं ४२ बांधलीं गेलेल्या एका विमानाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. त्याचें नांव ब्लॅकबर्न बी-२.

प्रथम हा प्रश्न उत्पन्न कां होतो तें पाहूं. वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्यें एक उभा दांडा असतो. तो पुढें लोटिला असतां विमानाचें नाक खालीं जातें, मागें ओढिला असतां वर येतें; डावीकडे कलविला असतां डावा पंख खालीं झुकतो, उजवीकडे कलविला असतां उजवा. पायांखालीं एक आडवी पट्टी असते, ती शेपटीच्या सुकाणूस जोडलेली असते. शिकवणीच्या विमानांत हें सर्व दुहेरी असतें. दोन दांडे, दोन पट्ट्या. पण एकमेकांस आंतून जोडलेल्या, म्हणजे शिष्यानें आपला दांडा हलविला कीं गुरूचाही आपोआप तितकाच हलतो. शिष्याचा हात कोठें चुकला हें गुरूस आपल्या तळहातावर कळतें. आम्हांस ही योजना फार आवडते. व्याकरणाच्या शिक्षकास अशी कांहीं सोय असती तर किती बरें झालें असतें!

आतां विमान उतरविण्याचा धडा घ्या. सर्व धड्यांत हा कठीण. यंत्राची गति मंद करून विमान जमिनीकडे घसरत येतें. जमीन पंधरावीस फूट राहिली म्हणजे दांडा हळूहळू मागें घ्यावयाचा. त्यायोगें नाक किंचित् वर येतें, वेग कमी होत जातो, आणि वेग संपण्याची वेळ व चाकें जमिनीस लागण्याची वेळ एकच यावी लागते. नवशिक्यास जमीन अंगावर धांवून आल्यासारखी वाटते. तो घाबरून दांडा एकदम मागें ओढितो. विमान पुन्हां वर उठतें, वेग तर संपलेला असतो, पंखांखालील हवेचा आधार सुटतो, आणि तें जड यंत्र धोंड्यासारखें खालीं आदळतें. हें सर्व दोनतीन सेकंदांत घडतें. गुरूनें लगेच दांडा हातीं घेतला तर शिष्य कधींच शिकत नाहीं. घ्यावयास उशीर केला तर दोघेही रुग्णालयांत जातात, किंवा त्याहून पलीकडे. एवढ्या अल्प अवकाशांत गुरूस ठरवावें लागतें कीं हा मुलगा सावरील कीं नाहीं. तें त्यानें कशावरून ठरवावें? दांड्यावरून हाताची चूक कळते. मन कळत नाहीं. मन चेहऱ्यावर दिसतें.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं शिकवणीची रीत फार ओबडधोबड होती. गुरु व शिष्य एकामागें एक बसत. यंत्राच्या आवाजांत कोणाचें बोलणें कोणास ऐकूं येत नसे, त्यामुळें खांद्यावर थाप मारणें, हात हलविणें, यंत्र मंद करून ओरडणें असेच उपाय उरत. १९१७ सालीं दक्षिण इंग्लंडांतील गॉसपोर्ट येथें मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी ह्या सेनाधिकाऱ्यानें ह्या रीतींत पालट केला. विमान धोक्याच्या स्थितींत जाऊंच देऊं नये, असें पूर्वीचें धोरण होतें. स्मिथ-बॅरीनें तें उलटें केलें : विमान मुद्दाम त्या स्थितींत न्यावें, आणि तेथून बाहेर कसें यावयाचें तें शिष्याच्याच हातून करवून घ्यावें. जें घडण्याचें कारण कळलें त्याची भीति राहत नाहीं, हें त्याच्या पद्धतीचें मर्म. त्याच्याच शाळेंत एक साधी नळी प्रचारांत आली. गुरूच्या तोंडाशीं एक चाडी, तेथून निघालेली लवचिक नळी, आणि ती शिष्याच्या टोपींत दोन्ही कानांपाशीं येऊन पोंचलेली. वैद्याच्या छाती तपासण्याच्या नळीसारखीच ही युक्ति. तिला "गॉसपोर्टची नळी" असेंच नांव पडलें, आणि पुढें दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती वापरांत होती.

नळीमुळें आवाज पोंचूं लागला. पण पुढें बसलेल्या गुरूस मागें बसलेल्या शिष्याचा चेहरा दिसत नव्हता तो नव्हताच, आणि शिष्यास गुरूच्या टोपीची मागची बाजू तेवढी दिसे. ह्या अडचणीचा विचार करणारांपैकीं यॉर्कशायर परगण्यांतील ब्लॅकबर्न ही कंपनी होती.

रॉबर्ट ब्लॅकबर्न हा लीड्स शहरचा इंजिनियर. १९०९ सालीं त्यानें आपलें पहिलें विमान बांधून मार्स्क येथील समुद्रकांठच्या वाळूवर त्याचे प्रयोग केले. पुढें हंबर नदीच्या रुंद मुखाजवळ, ब्रॉ ह्या गांवीं, १९१६ सालीं त्याच्या कंपनीनें कारखाना काढिला. आरमारासाठीं पाणतीर टाकणारीं मोठीं, दणकट विमानें बांधण्याविषयीं ह्या कंपनीची ख्याति होती. लहान व हलकें शिकवणीचें विमान तिच्या हातून व्हावें हें थोडें नवलाचेंच. लोहारानें सोनाराचें काम अंगावर घ्यावें तसें.

तें काम १९२४ सालीं सुरू झालें. त्या वर्षीं ब्रिटिश सरकारच्या विमानखात्यानें लिम्प्न येथें दोन माणसांच्या हलक्या विमानांची स्पर्धा ठेविली होती व पहिलें बक्षीस २,००० पौंडांचें होतें. स्पर्धेचा हेतु असा कीं, सामान्य माणसास परवडेल आणि शिकवणीच्या कामीं येईल असें स्वस्त विमान कोणीतरी बांधून दाखवावें. ब्लॅकबर्न कंपनीनें त्यासाठीं "ब्लूबर्ड" नांवाचें लांकडी द्विपंखी विमान योजिलें, व त्यांत दोन बैठका शेजारींशेजारीं ठेविल्या. दुर्दैवानें तें वेळेवर तयार झालें नाहीं आणि बक्षीस "वी बी" नांवाच्या विमानास मिळालें. ब्लूबर्डची उणीव दोन वर्षांनीं भरून निघाली. १९२६ सालीं अधिक चांगलें यंत्र बसवून लाँगटन नांवाच्या अधिकाऱ्यानें त्याच लिम्प्न येथें ग्रॉव्हनर चषकाची शर्यत ह्याच विमानांत जिंकिली. हा लाँगटन पुढील वर्षीं बोर्नमथच्या शर्यतींत ब्लूबर्ड उडवीत असतां दुसऱ्या एका विमानाशीं टक्कर होऊन मरण पावला. त्या दुसऱ्या विमानाचा वैमानिकही वांचला नाहीं. त्या काळच्या विमानांच्या इतिहासाचीं पानें चाळतांना विजयाची तारीख आणि मृत्यूची तारीख अशा पाठोपाठ येतात, आणि वाचणारास क्षणभर थांबावें लागतें.

१९२९ सालीं ब्लूबर्डचा चौथा अवतार निघाला. ह्यांत लांकडाच्या जागीं धातूचा सांगाडा आला. वरून कापडाचें आच्छादन राहिलें. ह्याच जातीच्या एका विमानांतून १९३० सालीं श्रीमती व्हिक्टर ब्रूस ह्या इंग्रज बाई एकट्या पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. विमान चालविण्यास त्या शिकल्या होत्या त्याच वर्षीं, निघण्यापूर्वीं केवळ कांहीं आठवडे! २५ सप्टेंबर रोजीं लंडनजवळील हेस्टन येथून निघून तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान, ब्रह्मदेश ह्या मार्गानें त्या जपानपर्यंत पोंचल्या. महासागर मात्र त्यांनीं आगबोटींतून ओलांडिले व १९३१ च्या फेब्रुवारींत त्या इंग्लंडास परत आल्या. येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. लांबच्या प्रवासास तेल पुष्कळ लागतें, तें ठेवावयाचें कोठें? त्यांच्या विमानांतील शेजारची बैठक काढून टाकून तेथें तेलाची टांकी बसविली होती. जी जागा गुरूसाठीं योजिलेली, ती नुकत्याच शिकलेल्या शिष्येनें पेट्रोलास दिली.

ह्याच ब्लूबर्डपासून बी-२ जन्मास आलें. १० डिसेंबर १९३१ रोजीं ब्रॉ येथें त्याचें पहिलें उड्डाण झालें. बाह्यतः तें ब्लूबर्डसारखेंच द्विपंखी. दोन पंखांमधील अंतर ३० फुटांहून थोडेंसेंच अधिक, म्हणजे एका पंखाच्या टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत एखाद्या मोठ्या वर्गाची लांबी. पण धड निराळें होतें. जुन्या विमानांत आंतला सांगाडा सर्व भार वाही व वरचें कापड केवळ वारा अडवी. बी-२ च्या धडावर मिश्रधातूचा पत्रा बसविला होता, आणि तो पत्रा स्वतःही भार सोशी. अंड्याचें कवच किती पातळ, तरी किती सोसतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास ह्यांतील तत्त्व लगेच कळेल. पंखांवर कापडच होतें. शिकवणीचें विमान दिवसांतून वीस वेळां आपटत उतरतें, गवतांतून घसरतें, पावसांत भिजतें. अशा यंत्रास धातूचें अंग देणें ही शहाणपणाची गोष्ट होती.

पुढें १२० अश्वशक्तीचें "जिप्सी" जातीचें तिसरें यंत्र होतें. ह्या यंत्राचीं चार नळकांडीं उलटीं, म्हणजे डोकें खालीं करून बसविलेलीं असत. उलटें कां? नळकांडीं वर असलीं म्हणजे त्यांचीं डोकीं वैमानिकाच्या दृष्टीआड येतात व उतरतांना जमीन दिसत नाहीं. उलटीं केल्यानें विमानाचें नाक सखल झालें आणि पुढचें दिसूं लागलें. बी-२ चा वेग अधिकांत अधिक ताशीं ११२ मैल. आजच्या मानानें हा वेग हंसण्याजोगा वाटेल; पण ज्यास प्रथमच उघड्या बैठकींत, तोंडावर वारा घेत, गुरूशेजारीं बसून वर जावयाचें होतें, त्यास तो पुरेसा होता.

आतां वाचकांनीं एक तारीख ध्यानांत घ्यावी. बी-२ आकाशांत जाण्यापूर्वीं दीडच महिना, २६ ऑक्टोबर १९३१ रोजीं, डी हॅव्हिलंड कंपनीच्या "टायगर मॉथ" ह्या विमानानें पहिलें उड्डाण केलें होतें. तेंही द्विपंखी, तेंही दोघांचें, तेंही शिकवणीचें. आरंभीं त्यांतही तेंच १२० अश्वशक्तीचें जिप्सी यंत्र. भेद मुख्यतः बैठकीचा. टायगर मॉथमध्यें गुरु पुढें आणि शिष्य मागें. एकाच ऋतूंत, एकाच कामासाठीं, एकाच हृदयाचीं हीं दोन विमानें जन्मलीं, आणि त्यांचें भाग्य किती निराळें ठरलें पहा : टायगर मॉथ आठ हजारांहून अधिक बांधलीं गेलीं, बी-२ बेचाळीस.

ह्याचें एक कारण बैठकीशीं मुळींच संबंध नसलेलें आहे. डी हॅव्हिलंडचें जुनें "मॉथ" १९२५ पासूनच प्रत्येक उड्डाणमंडळींत पोंचलें होतें. आमच्या मुंबईच्या जुहू येथील उड्डाणमंडळांतही त्या काळीं मॉथवरच धडे देत. ज्या शिक्षकांचे हात एका घराण्याच्या यंत्रावर बसले, ज्या कारागिरांजवळ त्याच घराण्याचे सुटे भाग होते, त्यांनीं नव्या घराण्याकडे कां वळावें? शिवाय ब्रिटिश विमानदलानें आपल्या शाळांसाठीं मागेंपुढें बैठकीचीं अॅव्ह्रो ट्यूटर व टायगर मॉथ हीं विमानें पसंत केलीं. एकदां दलानें पसंति दिली कीं बाकीचें गणित सरळ होतें.

परंतु बैठकीच्या बाजूनें व विरुद्ध जे मुद्दे मांडीत तेही विचार करण्यासारखे आहेत. विरुद्ध पक्ष म्हणे : दोन माणसें शेजारीं बसविलीं म्हणजे धड रुंद होतें, वारा अधिक अडतो, तेवढी शक्ति व्यर्थ जाते. हें निर्विवाद खरें. दुसरें असें कीं, शेजारीं बसलेला शिष्य विमानाच्या मध्यरेषेवर नसतो, एका अंगास असतो. डावीकडे वळतांना त्यास नाक एका जागीं दिसतें, उजवीकडे वळतांना दुसऱ्या. वस्तुतः दोन्ही वळणें सारखींच. पुढें लढाऊ विमानांत त्यास मध्यभागीं एकट्यानें बसावयाचें असतें, मग शिकतांनाच तशी दृष्टि कां लावूं नये? तिसरा मुद्दा वजनाचा. शिष्य प्रथमच एकटा उडतो तेव्हां शेजारची बैठक रिकामी, म्हणून विमान एका अंगास किंचित् जड.

हा तिसरा मुद्दा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तराजूच्या नियमानें तपासून पाहण्यासारखा आहे. समजा, शिष्याचें वजन १६० पौंड आहे व तो मध्यरेषेपासून एक फूट दूर बसला आहे. त्याची कलविण्याची शक्ति १६० गुणिलें १. ती पंखावर मध्यरेषेपासून दहा फुटांवर तोलून धरावयाची तर तेथें १६ पौंडांचाच जोर पुरे. एवढा जोर पंखाच्या टोंकाकडील हलती पट्टी लीलेनें देते. शिष्यास दांडा केंसभर एकीकडे धरावा लागतो इतकेंच. तेव्हां हा मुद्दा खरा असला तरी हलका आहे. रुंदीचा मुद्दा जड आहे. मध्यरेषेचा मुद्दा दोहोंच्या मधला.

अनुकूल पक्षाचें म्हणणें थोडक्यांत असें. शेजारीं बसलेला गुरु बोटानें दाखवूं शकतो : "हा आंकडा पहा, तें क्षितिज पहा, माझा हात पहा, किती हलका आहे." शिष्याचीं बोटें दांड्यावर आंवळलीं आहेत, ओठ दाबलेले आहेत, नजर जमिनीवर खिळली आहे, हें त्यास दिसतें. शिष्यासही गुरूची मुद्रा दिसते, आणि ती शांत असली तर तें पाहून शिष्याचाही जीव थाऱ्यावर येतो. विमान उडविण्यांतील बहुतेक चुका अज्ञानानें होत नाहींत, हात आंवळल्यानें होतात. आणि आंवळलेला हात सैल करण्यास उपदेशापेक्षां शेजार अधिक उपयोगी पडतो.

ह्यावर विरुद्ध पक्षाचें एक मार्मिक उत्तर आहे, तें आम्ही लपवीत नाहीं. ते म्हणत कीं, ज्याच्या शेजारीं गुरु दिसतो तो गुरूवर विसंबतो. मागें एकटा बसलेला शिष्य, समोर केवळ एक निर्विकार टोपी, असा असला म्हणजे त्यास पहिल्या दिवसापासून आपण एकटे आहों असें वाटतें, आणि एकटें उडण्याचा दिवस येतो तेव्हां फारसें कांहीं बदललेलें नसतें. आमच्या मतें हें उत्तर हुषार शिष्यास लागू आहे, भित्र्यास नाहीं. आणि शाळा ही कांहीं एकट्या हुषारांसाठीं चालवीत नाहींत. ज्या पालकांनीं आपलें मूल प्रथम शाळेंत सोडलें तो दिवस आठवत असेल, त्यांना दोन्ही बाजू एकदम पटतील.

बी-२ विमानें विकत घेणारें गिऱ्हाईक मुख्यतः कोण? ब्लॅकबर्न कंपनीच्याच शाळा! ब्रॉ येथें १९२४ पासून विमानदलाच्या राखीव वैमानिकांची शाळा ह्या कंपनीच्या शाखेमार्फत चालत होती. लंडनजवळील हॅनवर्थ येथें १९३५ सालीं तशीच दुसरी शाळा निघाली. घरच्या भट्टीची भाकरी घरींच खपावी तसा हा प्रकार झाला. पण भाकरी चांगली होती. जर्मनीच्या शस्त्रसज्जतेमुळें इंग्लंडांत ह्याच सुमारास नव्या वैमानिकांची गरज झपाट्यानें वाढली. सरकारी शाळा अपुऱ्या पडूं लागल्या, म्हणून प्राथमिक शिक्षण अशा खाजगी शाळांकडे सोंपविण्यांत आलें. पुढें स्वयंसेवक राखीव दल निघालें, त्यांतील तरुण आठवडाभर कचेऱ्यांत, दुकानांत, कारखान्यांत काम करीत आणि शनिवारीं-रविवारीं उडावयास येत. सोमवारीं पुन्हां तीच कचेरी, तीच वही.

सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध पेटलें आणि शनिवार-रविवारची मर्यादा संपली. बी-२ विमानें प्राथमिक शिकवणीच्या कामीं तशींच लाविलीं गेलीं. हॅनवर्थचींही पुढें ब्रॉ येथेंच आणिलीं. ह्या विमानांत ज्यांनीं पहिला धडा घेतला त्यांना एकदोन वर्षांतच अशा यंत्रांत बसावें लागलें कीं ज्यांत दुसरी बैठकच नव्हती. त्यांच्यांतील पुष्कळांचीं नांवें त्यांच्या गांवच्या देवळांतील फलकांवर कोरलेलीं आहेत. यॉर्कशायरच्या त्या गवताळ मैदानावर शेजारीं बसून ज्या शिक्षकानें त्यांचा हात सैल केला, त्याचें नांव मात्र सहसा कोणत्याही फलकावर नसतें.

१९४२ च्या आरंभीं बी-२ चें उडण्याचें काम संपलें. युद्धकाळीं एकाच प्रकारचीं विमानें सर्वत्र असलीं म्हणजे सुटे भाग, कारागीर, शिक्षक ह्यांची सोय होते; मूठभर निराळीं विमानें बाळगणें परवडत नाहीं. मग हीं भंगारांत गेलीं काय? एकदम नाहीं. फेब्रुवारी १९४१ मध्यें इंग्लंडांत "एअर ट्रेनिंग कोअर" नांवाची संस्था स्थापन झाली होती. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना विमानदलांत जाण्यापूर्वीं तयार करणें हें तिचें काम. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांच्या वयाचींच हीं मुलें. बी-२ विमानें ह्या मुलांच्या निरनिराळ्या पथकांस वांटून दिलीं गेलीं. तीं आतां जमिनीवरच उभीं राहत. मुलें त्यांत चढून दांडा हलवीत व पंखांवरील पट्ट्या कशा हलतात तें पाहत. यंत्राचें झांकण काढीत, पुन्हां बसवीत. एक मुलगा एका बैठकींत, दुसरा त्याच्या शेजारीं. दोघांतील कोणीच गुरु नव्हता, म्हणून कोण कोणास शिकवी हें सांगणें कठीण. अशा हाताळणींत यंत्र फार दिवस टिकत नाहीं. खिळे सुटतात, तारा तुटतात, पत्रा चेपतो, आणि मग एके दिवशीं गाडी येऊन उरलेलें घेऊन जाते. बेचाळिसांतील बहुतेकांचा शेवट असा झाला.

बैठकीचा वाद मात्र युद्धानंतर पुन्हां उघडला, आणि ह्या खेपेस ब्रिटिश विमानदलानें मत बदललें. १९४६ सालीं उडालेलें "प्रेंटिस", पुढचें "प्रोव्होस्ट", आणि १९५४ मधील झोतयंत्राचें "जेट प्रोव्होस्ट" ह्या सर्व शिकवणीच्या विमानांत गुरु शिष्याशेजारीं बसला. प्रेंटिस विमानें बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यांतही बांधलीं गेलीं. भारतीय विमानदलासाठीं त्याच कारखान्यानें केलेल्या "किरण" ह्या विमानांत (पहिलें उड्डाण १९६४) व नंतरच्या "दीपक" ह्या विमानांतही दोन बैठका शेजारींशेजारीं होत्या. त्यापुढें काळाचा लंबक पुन्हां हालला. इंग्लंडांतील "टुकानो" व भारतांत आलेलें "पिलाटस" ह्यांत पुन्हां एकामागें एक बैठका आल्या. आतां मागची बैठक उंच केलेली असते, त्यामुळें मागील माणसासही पुढचें दिसतें, आणि विजेच्या साधनांनीं आवाज स्वच्छ ऐकूं येतो. म्हणजे नळीची अडचण गेली. चेहऱ्याची अडचण आहे तशीच आहे.

युद्धांतून उडण्याच्या स्थितींत दोनच बी-२ विमानें उरलीं, तीं कंपनीनें स्वतःजवळ ठेविलीं होतीं. त्यांपैकीं एक १९५१ सालीं अपघातांत नष्ट झालें. दुसरें, ज्याचीं नोंदणीचीं अक्षरें जी-एईबीजे अशीं आहेत, तें ब्रॉ येथें अनेक वर्षें सांभाळलें गेलें, व नंतर बेडफर्डशायरमधील ओल्ड वॉर्डन येथील जुन्या विमानांच्या संग्रहांत त्याची निगा होऊं लागली. वारा मंद असेल अशा उन्हाळ्याच्या दुपारीं प्रेक्षकांसमोर तें गवतावरून उडविण्यांत आलें आहे. त्याचें धड मागेंपुढें बैठकीच्या विमानांपेक्षां रुंद, आणि समोरून पाहिलें तर वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या कांचेमागें दोन डोकीं एका रेषेंत दिसतात.